मागच्या अंगणातलं घर

नाना लेकीच्या घरी राहायला तयार नव्हते, म्हणून जावयाने त्यांच्यासाठी वेगळं घर बांधायला घेतलं.

नाना म्हणजे अच्युत भंगाळे. भुसावळला रेल्वेच्या दवाखान्यात ड्रेसर होते. उभा जन्म लोकांच्या जखमा धुण्यात आणि पट्ट्या बांधण्यात गेला. बायको गेल्यापासून एकटेच राहत. मागच्या दिवाळीच्या आधी ते न्हाणीत घसरून पडले आणि शेजाऱ्यांच्या लक्षात येईपर्यंत तिथेच ओल्यात पडून राहिले. एकुलती एक लेक नयना चंदीगडहून धावत गेली.

"नाना, आता इथे एकटं राहायचं नाही. माझ्याकडे चला."

"आठ दिवस पाहुणा म्हणून येईन. कायमचा जावयाच्या घरात पडून राहणार नाही," नाना म्हणाले. "माझं वेगळं दार, वेगळी चूल, वेगळा नळ असेल तर बोल."

हे ते लेकीला गप्प करायला बोलले होते. नयनाने परत आल्यावर नवऱ्याला ते हसत हसत सांगितलं. अविनाश हसला नाही.

"मग बांधू या की," तो म्हणाला. "मागे जागा आहे."

अविनाश वारके मोहालीत, सेक्टर ६७ मधल्या औषधसंस्थेत नोकरीला होता. घर त्याच्या वडिलांनी घेतलेलं. केंद्र सरकारच्या नोकरीत बदलीवर ते चंदीगडला आले, इथली आखीवरेखीव वस्ती त्यांना मानवली आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. मागच्या अंगणात, गल्लीला लागून, एक पडकी नोकराची खोली होती. ती पाडून तिथे एक खोली, छोटं स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि पुढे चार खुर्च्या मावतील एवढी पडवी बसत होती. चंदीगडमध्ये अशा घराला सगळे ॲनेक्सी म्हणतात.

अविनाशने ज्याला त्याला विचारून घेतलं. संस्थेतल्या एकाने सांगितलं, परवानगी मिळेपर्यंत घाई करू नकोस. दुसऱ्याने सांगितलं, धूळ उशीपर्यंत येते, तेव्हा मन मोठं ठेव. शेजारच्या गिल आंटींनी सांगितलं, "बेटा, बनाओ, बस मेरे आम के पेड़ को हाथ मत लगाना." आणि आर्किटेक्ट कश्मिराने जे सांगितलं ते नयनाला तेव्हा थोडं भीती घालणारं वाटलं. कश्मिरा मूळची नागपूरची, शिकायला चंदीगडला आली आणि इथेच राहिली. अंगणात उभी राहून ती म्हणाली, "तुम्हाला वाटतंय मागे एक खोली वाढतेय. तसं नाही. एक अख्खं घर येतंय. त्याला पाणी लागणार, वीज लागणार, मैला जायला वाट लागणार. आणि हे सगळं जोडायचं तुमच्या जुन्या घराला. नवं बांधकाम आपल्या हातात असतं. जुनं उघडलं की काय निघेल ते सांगता येत नाही."

"आमच्या घरात काही निघणार नाही," अविनाश म्हणाला. "बाबांनी स्वतः उभं राहून एकेक गोष्ट करून घेतलीय."

त्याचा वडिलांवर तसाच विश्वास होता. पंख्याला तेल कधी घालायचं, टाकी कधी धुवायची, हे वडील गेल्यावरही त्यांच्याच नियमाने चालायचं. हॉलमध्ये त्यांचा फोटो होता आणि अवनीच्या अभ्यासावरून वाद झाला की अविनाशचं बोट त्या फोटोकडे जायचं.

मंजुरी आली आणि काम सुरू झालं. ठेकेदार गुरमेल सिंग पिंजौरकडचा. बोलायला गोड, पण एखाद्या सकाळी फोन बंद करून गायब व्हायचा, आणि मग दोन लग्नं आणि गुरुद्वारात एक अखंड पाठ झाल्याचं सांगत परतायचा. जानेवारीत धुकं इतकं उतरलं की घातलेलं प्लास्टर सुकेना. नयना पिंजौरजवळच्याच एका कारखान्यात खरेदीचं काम बघायची. घरी आली की आधी मागे जाऊन विटांना हात लावून बघायची. तिला ते घर उगवताना बघायला आवडू लागलं होतं. नानांच्या उंचीचा नळ, नानांना धरायला न्हाणीत दांडा, नानांना दिसेल असं गल्लीकडे उघडणारं स्वतःचं दार.

मार्चमध्ये नाना आले. म्हणाले, नुसतं बघायला आलोय. पण बरोबर ट्रंक होती, तवा होता, आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची पिशवी होती. न्हाणीघर अजून मैल्याच्या नळीला जोडायचं राहिलं होतं, तरी त्यांनी खोलीत सामान लावलं, दाराबाहेर चपला काढल्या आणि नयनाला सांगितलं, "आता येताना कडी वाजवून येत जा."

मैल्याची नळी सगळ्यात शेवटी जोडायची होती. जुन्या नकाशात घराचा चेंबर, म्हणजे सगळ्या नळ्या जिथे एकत्र येतात ती झाकणाची चौकोनी विहीर, अंगणात दाखवला होता. अंगणात तो सापडेना. गुरमेलच्या माणसांनी दोन ठिकाणी खणून पाहिलं, खाली नुसती माती. मग त्यांनी गल्लीकडून येणारी नळी शोधली आणि तिच्या मागोमाग घराच्या दिशेने चर खणत निघाले. नळी स्वयंपाकघराच्या भिंतीखाली शिरत होती.

तो रविवार होता. नयना स्वयंपाकघरात चहा गाळत होती. अवनीची दहावीची परीक्षा नुकतीच संपली होती. ती नुकतीच न्हाऊन आली होती आणि कानात हेडफोन घालून फ्रिजसमोर उभी राहून बाटलीने पाणी पीत होती. नयनाने तिला रोजच्यासारखं टोकलं, "फ्रिज बंद कर." अवनीने रोजच्यासारखं ऐकलं नाही.

बाहेरून गुरमेलचा आवाज आला. "भाभीजी, ज़रा बाहर आना. यहाँ मिट्टी बड़ी गीली है."

नयना कप हातात घेऊनच मागच्या दाराशी गेली. उंबऱ्यावर तिचा पाय पडला आणि पाठीमागे आवाज झाला. मोठा नव्हता. धान्याचं भरलेलं पोतं कुणी जमिनीवर सोडून द्यावं तसा. मग भांड्यांचा खळखळाट, आणि मग पाण्याचा.

ती वळली. स्वयंपाकघराची अर्धी जमीन नव्हती. सिंकखालची, फ्रिजखालची, दोघांच्या मधली सगळी फरशी खाली गेली होती. फ्रिज खड्ड्यात तिरपा पडला होता, त्याचं दार उघडं होतं, दूध सांडत होतं. भिंतीतून तुटलेल्या नळाचं पाणी धारेने त्यावर पडत होतं. वास इतका भयंकर होता की तिचा श्वास अडला. कप केव्हाच हातातून सुटला होता. उकळता चहा पायावर सांडला होता हे तिला कळलंच नाही.

"अवनी," ती म्हणाली. आधी हळूच म्हणाली. मग किंचाळली.

अविनाश पुढच्या अंगणातून, हॉलमधून धावत आला. दारातून त्याने खड्डा पाहिला, बायकोचा चेहरा पाहिला, आणि काहीही न विचारता खाली उतरला. कमरेपर्यंत काळ्या चिखलात तो उभा होता आणि हातांनी फरशीचे तुकडे बाजूला फेकत होता. "अवनी! अवनी, बोल काहीतरी! बाबा आलाय!" फ्रिज त्याला हलेना. त्याने खांदा लावला. गुरमेल बाहेरच्या बाजूने आत वाकून ओरडत होता, "साबजी, बाहर आओ, दीवार आ जाएगी!" अविनाशला ते ऐकू येत नव्हतं.

पाठीमागे नाना आले होते. दवाखान्यातल्या सवयीने त्यांनी आधी सगळीकडे नजर टाकली. "गॅस," ते गुरमेलला म्हणाले, "पहले गॅस बंद करो." गुरमेलने शाबूत राहिलेल्या बाजूने हात घालून सिलिंडरचा खटका फिरवला. मग नाना नयनाच्या दंडाला धरून म्हणाले, "पोरगी नक्की तिथेच होती का?"

ती होती. आत्ता होती. पाणी पीत होती.

तेवढ्यात हॉलच्या बाजूच्या दारात अवनी आली. केस ओले, खांद्यावर टॉवेल, हेडफोन गळ्यात. आईची पाठ वळताच ती आपल्या खोलीत निघून गेली होती. "क्या हुआ? इतना क्यों चिल्ला रहे हो?" असं म्हणता म्हणता तिने खाली पाहिलं. खड्ड्यात तिचा बाप होता. तोंडावर, केसांत, डोळ्यांवर चिखल. तो वर पाहत होता, हातात फरशीचा तुकडा तसाच होता.

गुरमेल आणि त्याच्या दोन माणसांनी अविनाशला ओढून बाहेर काढलं. नयना घराला वळसा घालून पुढच्या दाराने आत गेली आणि अवनीच्या पाठीत तिने धपाटा घातला. आणखी एक घातला. मग तिला इतकं घट्ट धरलं की अवनी म्हणाली, "मम्मी, साँस नहीं आ रही." नयना सोडेना.

अर्ध्या तासाने सगळे अंगणात बसले होते. नयनाचे दात वाजत होते, ऊन असूनही. नानांनी तिला पडवीत बसवलं, तिचा भाजलेला पाय आपल्या नळाखाली धरला आणि कितीतरी वेळ गार पाण्याची धार सोडून ठेवली. "हलू नको," एवढंच ते म्हणाले. तिने पहिल्यांदा आपल्या पायाकडे पाहिलं. कातडी लाल होऊन फुगली होती. ती पाहून तिला रडू फुटलं.

अविनाश अंगणातल्या नळावर हात धूत होता. धुऊन झाले की परत साबण लावत होता.

कश्मिरा आली तेव्हा तिने कुणालाही आत जाऊ दिलं नाही. स्वतः भिंतीच्या कडेने टॉर्च मारून बराच वेळ पाहिलं. मग अविनाशला जवळ बोलावलं.

"चेंबर सापडला," ती म्हणाली. "तुमच्या स्वयंपाकघरात आहे. पूर्वी अंगणातच असणार. स्वयंपाकघर मागे वाढवलं तेव्हा तो आत आला. वरचं झाकण काढलंय, त्यावर साधी लादी टाकलीय आणि त्यावर फरशी. खालची नळी सांध्यात फुटलीय. फुटून खूप वर्षं झाली असणार. माती थोडी थोडी वाहून गेली. वर फरशी तेवढी राहिली होती."

"स्वयंपाकघर बाबांनी वाढवलं," अविनाश म्हणाला. "मी हॉस्टेलला होतो तेव्हा."

कश्मिराने पुन्हा खड्ड्याकडे टॉर्च मारला.

"त्यांना माहीत नसेल. ठेकेदाराने परस्पर केलं असेल."

"असेल," ती म्हणाली. पण अविनाशच्याच डोळ्यांसमोर आलं की वडील रजा टाकून कामावर खुर्ची मांडून बसले होते. आईने पत्रात तसं कौतुकाने लिहिलं होतं. विटेन् वीट त्यांच्या नजरेखालून गेली होती. मग हा चेंबरही गेला असणार. पुन्हा खणायचा त्रास नको, आत झाकण दिसायला नको, म्हणून त्यांनी तो झाकून टाकला असणार, आणि त्या झाकल्या जागेवर त्याची बायको इतकी वर्षं उभी राहून पोळ्या करत होती.

"मी चर खणायला सांगितला नसता तर?" त्याने विचारलं.

"तर आज नसती पडली. पावसाळ्यात पडली असती. कदाचित कुणीतरी वर उभं असताना." कश्मिराने टॉर्च बंद केला. "सर, मागच्या भिंतीला टेकू लावल्याशिवाय या घरात कुणी झोपायचं नाही. आजपासूनच. पूर्ण खालून बांधत यावं लागेल. पावसाळा जाईल यात."

नयनाने हे ऐकलं आणि विचारलं, "मग आम्ही जायचं कुठे?" तिच्या आवाजात खरोखरच प्रश्न होता. सकाळी चहा गाळत होती तेव्हा तिला घर होतं.

गिल आंटी कुंपणापलीकडून म्हणाल्या, "ऊपर वाला कमरा खाली है, मेरे पास आ जाओ." पण नाना आधीच उठले होते. आत जाऊन त्यांनी आपली ट्रंक खाटेखाली ढकलली, तवा खुंटीला अडकवला, आणि दारात येऊन म्हणाले, "अंथरुणं तेवढी घेऊन या. माझ्याकडे जागा आहे."

"नाना, चार जण? एका खोलीत?"

"मग काय करू राहिलीस तू? लेक, जावई, नात दारात उभे, आणि मी एकटा आत झोपू?"

ॲनेक्सीची नळी कश्मिराने रीतसर मंजुरी घेऊन वेगळ्या वाटेने थेट गल्लीकडे जोडून घेतली. आठवडाभर आंघोळीला सगळे गिल आंटींकडे जात होते. मग नानांचं न्हाणीघर सुरू झालं. त्या रविवारी संध्याकाळी नानांनी कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा केला. अवनीने एरवी तोंड वाकडं केलं असतं. त्या दिवशी तिने मुकाट्याने खाल्लं आणि मग आईला हळूच विचारलं, "पापा को लगा मैं नीचे हूँ?"

"हो."

"और वो सीधा कूद गए?"

"हो."

ताट घेऊन अवनी उठली आणि बापाला टेकून बसली. अविनाशने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. त्याला अजून आपल्या हातांना तो वास येत होता.

पुढचे कितीतरी दिवस तो असाच होता. संस्थेतून आला की घराभोवती फेरी मारायचा, टेकूंना हात लावायचा, हात धुवायचा. वडिलांचा फोटो त्याने हॉलमधून काढून कपाटात ठेवला. नयनाने विचारलं तेव्हा म्हणाला, "धूळ बसते."

एका सुट्टीच्या दुपारी नाना पडवीत मटार सोलत होते. अविनाश नळावर होता.

"अविनाशराव," नाना म्हणाले, "कातडी निघेल."

अविनाशने नळ बंद केला. मग एकाएकी बोलू लागला. "नाना, मी आयुष्यभर त्यांचं नाव घेत आलो. अवनीला त्यांच्या फोटोसमोर उभं करून बोललोय मी. आणि त्यांनी... ती रोज तिथे उभी राहून पाणी पिते. रोज! त्यांनी मला सांगायला हवं होतं. मरायच्या आधी तरी सांगायचं, की तिथे असं असं आहे."

नाना शेंगा सोलत राहिले. "मी त्यांना चारदाच भेटलो. त्यांची बाजू मी नाही घेणार. चूक ती चूक. दवाखान्यात अपघाताची माणसं यायची ना, त्यांना जखमेपेक्षा राग जास्त असायचा. मी म्हणायचो, राग काढा, पण हात स्थिर ठेवा, मला पट्टी बांधू द्या." त्यांनी मटारचं भांडं पुढे सरकवलं. "बसा. सोला थोडे."

अविनाश बसला. एक शेंग सोलली, दुसरी सोलली. मग भांडं मांडीवर घेऊन तो रडला. नाना त्याच्याकडे न बघता गल्लीकडे बघत बसले.

उन्हाळा त्या एका खोलीत गेला. नानांचे नियम होते: आत येताना पाय धुवायचे, बाथरूममध्ये गाणी लावायची नाहीत, चहा दोनदाच. अवनी त्यांच्याशी हिंदीत भांडायची, ते तिच्याशी भुसावळच्या हिंदीत भांडायचे आणि जिंकायचे. खाटेवर नाना, खाली तिघं. कूलर एकच. नयनाला झोपेत दचकून जाग यायची आणि ती अंधारात हात लांब करून अवनीचा पाय शोधायची.

घराचं काम ती रोज बघत होती. ज्याला इतकी वर्षं आपली जमीन म्हणून तुडवलं ते सगळं खणून बाहेर आलं. नवी नळी पडली, चेंबर पुन्हा अंगणात आला, लोखंडी झाकणासकट. भिंतीखाली काँक्रीट गेलं. मुरूम, खडी, जाळी, परत काँक्रीट. गुरमेल एकदाही गायब झाला नाही. "भाभीजी, मैंने आवाज़ न दी होती तो?" असं तो एकदा म्हणाला आणि त्याने स्वतःच कानाला हात लावला.

पावसाळा ओसरता ओसरता ते परत आपल्या घरात राहायला गेले. झोपायच्या खोल्या, हॉल, सगळं जसंच्या तसं होतं. स्वयंपाकघर नवं कोरं होतं. नयना दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. अविनाश आत जाऊन उभा राहिला, त्याने उड्या मारून दाखवल्या. "बघ." ती म्हणाली, "बघितलं," आणि नानांच्या घरी जाऊन कुकर लावला. दुसऱ्या दिवशीही तेच. रोज सकाळी कडी वाजायची, नाना दार उघडायचे, गॅससमोरून बाजूला व्हायचे. नव्या स्वयंपाकघरात पाण्याची एक बाटली तेवढी भरली जायची, तीही अविनाशकडून.

गणपतीत ओळखीची मराठी मंडळी आरतीला आली. चंडीमंदिरच्या लष्करी छावणीतून दोन कुटुंबं, मोहालीतली आयटीतली चार पोरं. नयना नानांच्या घरी मोदक उकडत होती. आरती सुरू व्हायच्या बेतात होती आणि हॉलमधून हाका येत होत्या. पाऊस भुरभुरत होता म्हणून ती मोदकांचं पातेलं घेऊन मागच्या दाराने आत शिरली. अर्ध्यावर आल्यावर तिच्या लक्षात आलं ती कुठे आहे.

ती थांबली. पायाखालची फरशी गार होती. पातेल्याच्या कडा हाताला चटके देत होत्या. खाली काय काय आहे ते तिने स्वतः घालताना पाहिलं होतं, तरी पुढचं पाऊल तिने आधी चाचपून टाकलं. तिने डोळे मिटले नाहीत. नव्या फ्रिजसमोर एक मुलगा पाणी पीत उभा होता, त्याने बाजूला सरकून तिला वाट दिली.

"काकू, जड आहे का? घेऊ?"

"नको, झालंच," ती म्हणाली. पातेलं तिने ओट्यावर ठेवलं, सिंकच्या नळाखाली हात धुतले, आणि खिडकीतून मागे हाक मारली, "नाना, तुमच्याकडचं तूप राहिलं. घेऊन या, आणि लवकर या."